बाबांनी तिशीत घर घेतलं, मला का जमत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी ३३ वर्षांचा. डोंबिवलीत आई-बाबांसोबत राहतो. पवईच्या एका कंपनीत काँट्रॅक्टवर आहे, हातात ५५ हजार येतात. बाबा बँकेतून क्लार्क म्हणून निवृत्त झाले. १९९२ मध्ये त्यांनी हे घर सव्वादोन लाखांना घेतलं, तेव्हा त्यांचा पगार ३,८०० होता. आज शेजारच्या इमारतीत एवढंच घर ६५ लाखांना आहे. बाबा म्हणतात, तुमच्या पिढीचा खर्चाला हात आखडत नाही आणि नोकरी टिकवायची तयारी नाही. मला वाटतं त्यांच्या पिढीने मिळेल ते पदरात पाडून घेतलं आणि आमच्या वाट्याला फक्त उपदेश ठेवला. रोज जेवताना वाद होतो. लग्न झालेली बहीण बाबांच्या बाजूने बोलते. बरोबर कोण?"

दादर ते कल्याण या पट्ट्यातल्या पगारदार कुटुंबांचं आर्थिक नियोजन हेच माझं रोजचं काम आहे, आणि हा वाद मी इतक्या घरांत ऐकते की तुमच्या जेवणाच्या ताटापर्यंत तो कसा पोचला असेल हे मला कळतं. म्हणून आधी हिशेब करू. बाकीचं नंतर.

बाबांचा १९९२चा वर्षाचा पगार साधारण साडेपंचेचाळीस हजार. घर सव्वादोन लाखांचं, म्हणजे पाच वर्षांच्या पगाराचं. तुमची वर्षाची कमाई ६ लाख ६० हजार, घर ६५ लाखांचं, म्हणजे जवळजवळ दहा वर्षांच्या पगाराचं. पगाराच्या मानाने तेच घर तुम्हाला दुप्पट महाग पडतंय. पुढे पाहा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे इथे ५२ लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता ४५ हजारांच्या वर जातो. ५५ हजारांच्या पगारावर एवढा हप्ता कोणतीही शहाणी बँक मंजूर करणार नाही. उरलेले १३ लाख खिशातले, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साडेचार-पाच लाख. या रकमांसाठी कर्ज मिळत नाही. म्हणजे दार उघडण्याआधीच तुमच्याजवळ अठरा लाख रोख हवेत.

आता बाबांच्या आवडत्या मुद्द्याकडे येऊ, बाहेरचं खाणं आणि मोबाइल. समजा तुम्ही ते सगळं बंद केलं आणि महिन्याला सहा हजार वाचवले. वर्षाचे ७२ हजार. अठरा लाख व्हायला पंचवीस वर्षं. व्याज धरलं तर वर्षं कमी होतील, पण तोवर घराची किंमत काही जागेवर थांबणार नाही. काटकसर चांगलीच, ती मी स्वतः लोकांना शिकवते. पण काटकसरीने घर होतं हे आजच्या मुंबईत खरं नाही. हे बाबांना कोणीतरी आकड्यांत दाखवायला हवं, आवाज चढवून नाही.

एवढ्यावर उत्तर संपवलं तर तुम्ही खूश व्हाल, पण ते अर्धंच उत्तर होईल.

बाबांची कर्जाची फाईल एकदा उघडून पाहा. बँकेतल्या माणसांनी त्या जपून ठेवलेल्या असतात, पुठ्ठ्याच्या, नाडी बांधलेल्या. त्यात स्टाफ लोनची मंजुरी असेल. सवलतीचा दर, तोही सरळव्याजाचा, आणि आधी मुद्दल फिटणार, मग व्याज. त्याच काळात बाहेरच्या माणसाला गृहकर्ज चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास पडत होतं. पाच वर्षांच्या पगाराएवढं घर परवडण्यामागे ही सवलत होती. दुसरी गोष्ट महागाई भत्त्याची. १९९१च्या सुमाराला महागाई दोन आकडी होती आणि बँकेतला महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला होता. शिवाय दर काही वर्षांनी बँका आणि युनियन यांच्यात वेतनाचा द्विपक्षीय करार होत होता. पगार महागाईसोबत चढत गेला आणि हप्ता होता तिथेच राहिला. पहिली तीन वर्षं जो हप्ता छातीवर बसला होता, तो दहाव्या वर्षी जाणवेनासा झाला. महागाईने ज्यांची कर्जं हलकी केली, त्या पगारदारांत तुमचे बाबा होते. यात त्यांची लबाडी नव्हती आणि खास शहाणपणही नव्हतं. युनियन होती, करार होता आणि वेळ जुळून आली.

त्याच फाईलमध्ये कुठेतरी सोनाराची पावती सापडण्याची शक्यता आहे. हे मी उगाच म्हणत नाही. सुरुवातीची रक्कम कुठून उभी राहिली असं विचारलं की बऱ्याच घरांत बाबा प्रॉव्हिडंट फंडाचं नाव घेतात आणि आई गप्प बसते. नंतर कळतं की तिच्या पाटल्या गेल्या, किंवा भिशी आधी उचलली, किंवा चार वर्षं तिने डबे केले, ब्लाउज शिवले. एका पगारात घर झालं असं आपण सहज म्हणतो. एका पगारात ते झालंच नाही. दुसरा पगार कोणी मोजला नाही, एवढंच. तेव्हा बाबांच्या पिढीने सगळं घेतलं असं पुढच्या वेळी म्हणाल तेव्हा समोर आईही बसलेली असते, हे लक्षात असू द्या. तिने काय घेतलं ते तिला विचारा.

पीपीएफ या सरकारी बचत योजनेचंही असंच आहे. बाबांच्या काळात त्यावर १२ टक्के मिळत, १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत, आणि आता एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के मिळतात. हे ऐकून मुलं हळहळतात. पण त्या काळात महागाई दहाच्या आसपास असायची, म्हणजे हातात खरी वाढ दोन टक्क्यांची. २०२० नंतरच्या वर्षांतही ती सरासरीने साधारण तेवढीच आहे. या मुद्द्यावर बाबांचा हेवा करण्यासारखं काही नाही.

हेवा करावा असं एक मात्र आहे, आणि ते म्हणजे पेन्शन. बाबांना मरेपर्यंत महागाई भत्त्यासह पेन्शन आहे. तुमची पगाराची स्लिप काढा. पीएफच्या रकान्यात बहुधा १,८०० दिसेल, कारण कायद्यातली मर्यादा अजून १५ हजारांच्या वेतनावर आहे आणि बऱ्याच कंपन्या तेवढ्यावरच वर्गणी भरतात. ग्रॅच्युइटी तुमच्या हाती कधी पडलीच नसेल, कारण नोव्हेंबर २०२५ पर्यंत त्यासाठी सलग पाच वर्षं एका मालकाकडे काढावी लागत आणि काँट्रॅक्टवाल्याला ते कठीण होतं. इथे दोन पिढ्यांमध्ये फरक पडला आणि तो कागदावर तारखेनिशी पडला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १ जानेवारी २००४, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५: या तारखांपासून नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये लागलेला शिक्षक आणि त्याच शाळेत डिसेंबरमध्ये लागलेला शिक्षक यांचं शिक्षण सारखं, काम सारखं, म्हातारपण मात्र वेगळं. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला, त्यामागे ही दुखरी नस होती. तुमच्या तक्रारीतला हा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. नोकरीतला धोका मालकाकडून आणि सरकारकडून निघून हळूहळू तुमच्या डोक्यावर आला, आणि त्याबद्दल तुम्हाला कोणी विचारलं नाही.

पण बाबांची पिढी म्हणजे फक्त बाबा नव्हेत. या विषयावर बोलताना माझा जीव सगळ्यात जास्त इथे तुटतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी जण तेव्हा तिशीच्या आसपासचे होते, म्हणजे तुमच्या बाबांच्या आगचे-मागचे. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद झाल्या. लालबाग-परळ-शिवडीतली माणसं हातगाडीवर बसली, वॉचमन झाली, गावाला गेली, आणि जी राहिली त्यांची मुलं नालासोपारा, विरार, बदलापूरला पांगली. ज्यांच्या वाट्याला पुढे ईपीएस, म्हणजे पीएफशी जोडलेली पेन्शन आली, त्यांतले अनेक जण आजही महिन्याला हजार-दीड हजार मोजून घेतात. किमान रक्कम २०१४ पासून एक हजार आहे. ती चालू ठेवण्यासाठी सत्तरीच्या पुढचा माणूस दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर अंगठा लावतो. उभं आयुष्य साच्यावर, म्हणजे मागावर, काढलेल्या त्या अंगठ्याच्या रेषा मशीनला सापडत नाहीत, मग पुसून पुसून तो पुन्हा लावायचा. त्या माणसाला सांगून पाहा की तुमच्या पिढीने सगळं घेतलं.

आणि ज्यांना कायम नोकऱ्या लागल्या त्यांनाही तरुणपणी आपल्याला संधी भरपूर आहेत असं वाटत नव्हतं. साठच्या दशकात मुंबईच्या मराठी तरुणांचा राग टायपिंग आणि स्टेनोच्या जागांवरून दाक्षिणात्यांवर निघाला. १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली ती याच अस्वस्थतेवर. सत्तरच्या दशकात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड नूतनीकरण करत बसलेले पदवीधर होते. गिरणीत बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभे राहत, कोणाची खाडाबदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी काम, मिळते का पाहत. २०००-०१ मध्ये बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा कॉम्प्युटरमुळे आपली खुर्ची जाणार या भीतीने झोप उडालेले लोकही मला माहीत आहेत. त्या वेळी तुमच्या घरात काय बोलणी झाली होती ते बाबांना विचारा. या शहरात संधी कमी पडली की रागाला एक चेहरा लागतो. आज तो चेहरा घरातला आहे, आणि म्हणून ते जास्त लागतं.

नोकरी टिकवण्याच्या टोमण्याबद्दल थोडंच सांगते. बाबांच्या नोकरीत टिकण्याला पैसे मिळत होते: वार्षिक वाढ, बढतीची यादी, स्टाफ लोन, पेन्शन. तुमच्या क्षेत्रात तीन वर्षं एका जागी बसलेल्याला थोडीच वाढ मिळते आणि सोडून गेलेल्याला बरीच जास्त. बाबा त्यांच्या बाजारात शहाणपणाने वागले, तुम्ही तुमच्या बाजारात वागताय. इथे कोणाच्या स्वभावाचा प्रश्नच नाही.

मग घरं इतकी महाग झाली ती कोणामुळे? कारणं बरीच आहेत, पण पगारदार माणसाला सहसा न दिसणारं एक सांगते. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचं होतं. पण पुढची पन्नास वर्षं ते तसंच राहिलं, आणि १९९९च्या नव्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम ठेवलं. आत होता त्याला नाममात्र भाड्यात गिरगावात जन्मभराची खोली मिळाली. पण भाड्यासाठी नवीन इमारत बांधणं कोणालाही परवडेनासं झालं, आणि जुनी दुरुस्त करण्यात मालकाला रस उरला नाही. त्यात १९७६चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. तो महाराष्ट्रात २००७ पर्यंत होता आणि त्यामुळे मोकळ्या जमिनी बाजारात येण्यापेक्षा अडकूनच जास्त राहिल्या. परिणाम असा की आजोबांची भाडेकरू म्हणून जागा वंशपरंपरेने चालते, आणि नातू अकरा महिन्यांच्या लिव्ह-लायसन्सवर, दर वर्षी वाढीव भाडं भरत, डिपॉझिट गुंतवून राहतो. दोघेही भाडेकरूच, पण आजोबा आत आले तेव्हा दार उघडं होतं. हे दार बाबांनी लावलेलं नाही.

यावरून मी जे सांगायला बसले आहे ते असं: मुंबईत खरी दरी बाप आणि मुलगा यांच्यात नाही. ती तुमच्याच वयाच्या दोन मुलांमध्ये आहे. एकाच ऑफिसात, एकाच पगारावर, शेजारी शेजारी बसणारे दोघे. एकाच्या बापाचं डोंबिवलीत किंवा मुलुंडला घर आहे. दुसरा लातूरहून किंवा चिपळूणहून आला आहे आणि तिघांत मिळून घणसोलीला राहतो. पहिला महिन्याला पंचवीस हजार बाजूला टाकू शकतो. दुसऱ्याचे तेवढेच भाडं, डबा आणि गावाला पाठवण्यात जातात. दहा वर्षांनी पहिल्याला घराचा वारसा मिळेल, कदाचित पुनर्विकासात वाढीव जागाही मिळेल. दुसरा अजून करारनामा नूतनीकरण करत असेल. तुम्ही पहिले आहात. ज्या पिढीने सगळं घेतलं असं तुम्ही म्हणता, तिचे वारस तुम्हीच आहात, आणि बहीणही. तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तुमचा राग खरा आहे, पण त्याचा हिशेब बाबांकडे मागून मिळणार नाही. पीएफची मर्यादा, काँट्रॅक्टवरची नोकरी, भाड्याच्या घरांची टंचाई हे सगळं त्या दुसऱ्या मुलाच्या बरोबरीने मागण्यासारखं आहे.

आता घरात काय करायचं ते.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बाहेर काढा. पुढच्या बाजूला बाबांचं नाव असेल, मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदींचे रकाने रिकामे असतील. नॉमिनेशनचा फॉर्म कधीतरी भरलेला असेल आणि त्यात बहुतेक एकट्या तुमचंच नाव असेल. बहुसंख्य घरांत समज असतो की नॉमिनी झाला म्हणजे घर त्याचं झालं. तसं नाही. नॉमिनी सोसायटीशी व्यवहार करतो, मालकी वारसांकडे जाते. घर बाबांच्या कमाईचं आहे, ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र केलं नाही तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण समान वाटेकरी, आणि आजी, म्हणजे बाबांच्या आई, हयात असतील तर त्याही. बहीण बाबांची बाजू का घेते याचं उत्तर कदाचित इथे असेल. तुमच्या वादात घराचा विषय निघतो तेव्हा तिचं नाव कोणीच काढत नाही. वडील गेल्यावर बहिणीला निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोड पत्रावर सही घेतल्याची आणि त्यानंतर राखीपौर्णिमा कायमची बंद झाल्याची घरं मी पाहिली आहेत. तिला हे सगळं आता, बाबा धडधाकट असताना, समोर बसवून सांगा आणि तिचं ऐका.

बाबांना माझा निरोप द्या: महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर अधिभार, आणि त्या मोहाने पुष्कळ जण हयातीतच घर मुलाच्या नावावर करून मोकळे होतात. ते करू नका. राहतं घर शेवटपर्यंत स्वतःच्याच नावावर राहू द्या आणि मृत्युपत्र करा. आईबापांना सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली परत मागता येते, पण स्वतःच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणासमोर उभं राहण्याची वेळ कोणावर का आणायची?

तुम्ही घर घेऊ नका, आत्ता तरी. पगाराच्या ८० टक्के हप्ता म्हणजे पहिल्या नोकरीबदलालाच कोसळणारा डोलारा. पुढची पाच वर्षं आई-बाबांसोबत राहा आणि त्याबद्दल दर महिन्याला १२ ते १५ हजार आईच्या खात्यात जमा करा, बाबांच्या नाही. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवा म्हणजे ते मागावे लागणार नाहीत आणि द्यायचे राहणार नाहीत. माझा अनुभव असा की हे सुरू झालं की बाहेरच्या खाण्यावरचं बोलणं दोन-तीन महिन्यांत आपोआप थांबतं. बापाला खटकत असतो तो पिझ्झा नसतोच. घर चालतं त्यात मुलाचा हातभार दिसत नाही हे त्याला खटकत असतं. उरलेल्यातून आधी मुदत विमा आणि स्वतःचा आरोग्य विमा, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम एफडीत, कारण तुमचं काँट्रॅक्ट आहे, आणि मग २० हजारांची एसआयपी.

बाबा आपल्या एफडीतून घरासाठी दहा लाख देतो म्हणाले तर लगेच हो म्हणू नका. त्यांची पेन्शन महिन्याच्या खर्चाला पुरेल, पण सत्तरीनंतरचं एक मोठं आजारपण ती एफडी खाऊन टाकतं. घ्यायचेच असतील तर कागदावर लिहून घ्या, ते उसने की तुमच्या वाट्यातले, आणि त्या कागदावर बहिणीची सही असू द्या.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी नोंदणी करून घ्या. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत, म्हणून तुम्ही आणि बहीण दोघंही नको. बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांचं त्याच तारखेचं, ते भानावर आणि सुदृढ असल्याचं प्रमाणपत्र सोबत जोडा. आईचंही वेगळं मृत्युपत्र करा, तिच्या नावावर सोनं आणि पोस्टातली बचत असेलच.